करदाता आणि करसल्लागार यांच्यामधील सेतू

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गतकाळातील कार्याचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या समाजाचा प्रपंच पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर, वहीवर आणि दिलेल्या शब्दावर चालत आला, त्या समाजाने पुढील पिढीच्या हाती कोणता व्यवसाय द्यावयाचा याचाही विचार अशाच प्रसंगी करावा. आजचा विषय अशाच एका नव्या व्यवसायाचा आहे. सामान्य करदाता आणि जाणकार करसल्लागार यांची गाठ इंटरनेटच्या माध्यमातून घालून देणारा नवउद्योग, ज्याला तरुण मंडळी ‘स्टार्टअप’ म्हणतात, तो वसई-विरार परिसरात उभा राहू शकेल काय आणि राहिला तर कोणत्या पायावर, हा प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

प्रथम परिसराकडे पाहू या. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली गाडी सुटली, तेव्हा दिवसाला एक गाडी पुरेशी होती. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पहाटेची लोकल धरणारा नोकरदार, वालीव, सातिवली व गोखिवरे येथील गाळ्यांत छोटा कारखाना चालविणारा उद्योजक, वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायतदार, अर्नाळ्याचा मच्छीमार आणि आखाती देशांत नोकरीस गेलेल्यांची कुटुंबे अशी निरनिराळ्या उत्पन्नाची माणसे येथे शेजारी शेजारी राहतात. एकाने वर्षाच्या मध्यावर नोकरी बदललेली असते व त्याच्या हाती दोन मालकांचे दोन फॉर्म १६ असतात. दुसऱ्याने वडिलोपार्जित जागा विकलेली असते व भांडवली नफ्याचा हिशेब त्याला उमगत नाही. तिसऱ्याला वस्तू व सेवा कर आणि प्राप्तिकर या दोन्ही विवरणपत्रांतील उलाढालीचा मेळ घालावयाचा असतो. या तिघांनाही जाणत्या माणसाची गरज आहे. परंतु तो कोठे भेटेल, किती मोबदला घेईल आणि विश्वासाचा असेल काय, हे त्यांना ठाऊक नसते.

दुसऱ्या बाजूस, भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या सभासदांची संख्या ४ लाखांच्या पुढे गेली असून या संस्थेची वसई येथेही शाखा आहे. याखेरीज करव्यवहार पाहणारे वकील आणि वस्तू व सेवा कराचे नोंदणीकृत व्यवसायी आहेत. म्हणजे गरजू आहेत आणि जाणकारही आहेत. मधला सेतू तेवढा कच्चा आहे.

हा सेतू बांधण्याचा प्रयत्न नवा नाही. १९५५ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे जमाखर्च लिहिण्याचा व्यवसाय करणारे हेन्री आणि रिचर्ड हे ब्लॉक बंधू करविवरणपत्रे भरण्याचे जोडकाम बंद करण्याच्या विचारात होते. वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका ग्राहकाने त्यांना जाहिरात देण्याचा सल्ला दिला. विवरणपत्रामागे ५ डॉलर असा दर त्यांनी छापला आणि कार्यालयात रीघ लागली. त्याच सुमारास तेथील सरकारी करखात्याने विवरणपत्र विनामूल्य भरून देण्याची सोय आवरती घेतली होती, ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. एच अँड आर ब्लॉक ही जगप्रसिद्ध पेढी अशी जन्मास आली. दर आधीच छापील स्वरूपात जाहीर असणे हे त्या यशाचे एक मर्म होते. आजही करदात्याची पहिली भीती कराची नसते, ‘फी किती सांगतील’ ही असते.

भारतात हे काम प्रथम शासनाने हाती घेतले. २००६ साली ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ योजना जाहीर झाली. पदवीधर तरुणांना प्रशिक्षण द्यावयाचे, त्यांना प्रमाणपत्र द्यावयाचे आणि त्यांनी लहान करदात्यांची विवरणपत्रे माफक मोबदल्यात भरून द्यावयाची, अशी ती योजना होती. पाठोपाठ २००७ साली ‘ई-रिटर्न इंटरमीजिअरी’ ही व्यवस्था आली आणि खासगी संस्थांना करदात्यांच्या वतीने संगणकाद्वारे विवरणपत्रे दाखल करण्याचा अधिकृत मार्ग मोकळा झाला. २००९ मध्ये बंगळूरू येथे विवरणपत्रांवर प्रक्रिया करणारे केंद्र उभारले गेले. २०२० मध्ये चेहराविरहित निर्धारणाची व्यवस्था देशभर आली. तिचा अर्थ असा की, करदाता आणि अधिकारी यांनी समोरासमोर येण्याचे प्रसंग फारसे उरले नाहीत. वसईतील सल्लागार नागपूरच्या ग्राहकाचे काम करू शकतो, त्याचप्रमाणे बंगळूरूची कंपनी विरारच्या ग्राहकाचे काम घेऊ शकते. संधी आणि स्पर्धा अशी एकाच दाराने आत आली.

या संधीचा लाभ घेणाऱ्यांत ‘क्लिअरटॅक्स’ हे नाव ठळक आहे. अमेरिकेत संगणकक्षेत्रात काम केलेले अर्चित गुप्ता यांनी २०११ मध्ये ही कंपनी सुरू केली. त्यांचे वडील राजाराम गुप्ता हे सनदी लेखापाल. मुलाचे तंत्रज्ञान आणि वडिलांचा अनुभव यांचा तो संयोग होता. फॉर्म १६ संगणकावर चढविला की विवरणपत्र आपोआप तयार व्हावे, अशी सोय त्यांनी केली. २०१४ मध्ये वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने त्यांना पाठबळ दिले. पुढे कंपनीने सनदी लेखापालांच्या साह्याने भरावयाच्या विवरणपत्रांच्या योजना आणि २०१७ नंतर वस्तू व सेवा कराची प्रणालीही आणली. या उदाहरणातून बोध घ्यावयाचा तो असा : जे काम यंत्र करू शकते, त्याची किंमत हळूहळू शून्याकडे जाते. शासनाचे संकेतस्थळही आता पगार, व्याज आणि करकपात यांचे आकडे आधीच भरून देते. म्हणून नव्या उद्योगाने साध्या विवरणपत्रावर भिस्त ठेवू नये. जेथे प्रश्न गुंतागुंतीचा आहे, नोटीस आली आहे, जागा विकली आहे, परदेशी उत्पन्न आहे, तेथेच माणसाची बुद्धी लागते आणि तेथेच तिचे मोल मिळते.

येथवर मार्ग सोपा वाटतो. परंतु पुढे कायद्याची एक वेस आहे व ती ओलांडता येत नाही. पुष्कळ तरुणांची कल्पना अशी असते की, टॅक्सीचालक आणि प्रवासी यांना जोडणाऱ्या कंपनीप्रमाणे सनदी लेखापालांची यादी संकेतस्थळावर टाकावी आणि प्रत्येक कामामागे दलाली घ्यावी. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ च्या पहिल्या अनुसूचीनुसार, काही अपवाद वगळता, सनदी लेखापालाने आपल्या फीचा वाटा किंवा दलाली संस्थेच्या सभासदाव्यतिरिक्त अन्य कोणास देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. जाहिरातीने वा मध्यस्थामार्फत काम मिळविण्यावरही बंधने आहेत. अन्य व्यापारी व कारागीर यांच्यासमवेत एकाच यादीत नाव नोंदविण्यास संस्थेने आपल्या सभासदांना मनाई केलेली आहे. वकिलांच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये वकिलांचे काम मिळवून देणाऱ्या ऑनलाइन संकेतस्थळांविरुद्ध कठोर निर्णय दिला. तेव्हा दलालीवर उभारलेला सेतू पहिल्याच पावसात वाहून जाण्याचा धोका आहे.

मग मार्ग कोणता? काही जाणकारांनी स्वतःची पेढी स्थापून स्वतःचीच सेवा, आपल्या संस्थेच्या नियमांच्या चौकटीत, संगणकाद्वारे देणे हा एक मार्ग. अधिकृत ई-रिटर्न इंटरमीजिअरी म्हणून नोंदणी करून कंपनीने स्वतःच्या नावाने व स्वतःच्या जबाबदारीवर विवरणपत्र-सेवा देणे हा दुसरा. कागदपत्रांची देवघेव, तारखांची आठवण, हिशेबाची जुळणी ही साधने सल्लागारांना ठराविक वर्गणीवर पुरविणे हा तिसरा. या तिन्ही मार्गांत दलाली नाही. केलेल्या कामाचा मोबदला आहे.

दलालीचा प्रश्न केवळ नियमांचा नाही. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी झडतीची कारवाई केली. महाराष्ट्रही त्यात होता. परताव्याच्या रकमेत हिस्सा घेऊन नोकरदारांच्या विवरणपत्रांत खोट्या वजावटी दाखविणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध ती कारवाई होती. कोणाच्या नावे न दिलेली देणगी, कोणाच्या नावे न घेतलेले कर्ज दाखविले जाई. त्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडले जात व नंतर ते सोडून दिले जात. परिणामी विभागाची नोटीस त्या पत्त्यावर येई आणि करदात्याच्या दृष्टीसही पडत नसे. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असे विभागाने सांगितले. १९६१ च्या कायद्यात चुकीची माहिती देऊन लपविलेल्या उत्पन्नावरील कराच्या दुप्पट दंडाची तरतूद होती. ज्याने हिस्सा घेतला तो नामानिराळा राहतो. दंड भरतो तो लोकलने रोज विरारहून चर्चगेटला जाणारा माणूस. विवरणपत्र कोणीही भरून दिले तरी त्यातील विधानाची जबाबदारी करदात्याचीच असते, हे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.

म्हणून नव्या उद्योगाने आरंभीच काही व्रते घ्यावीत. फी कामाच्या स्वरूपावर ठरावी, परताव्याच्या टक्केवारीवर कधीही नव्हे. ग्राहकाचा पासवर्ड मागू नये. अधिकृत मध्यस्थास ग्राहकाच्या ओटीपी-संमतीने काम करण्याची सोय आहे. ई-मेल आणि मोबाइल क्रमांक ग्राहकाचेच नोंदवावेत. प्रत्येक वजावटीमागे कागद असावा, नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. पॅन, बँक खाते आणि उत्पन्न ही घराची गुपिते आहेत. त्यांच्या रक्षणासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झालेला आहे. ई-कॉमर्स व्यवसायासाठी २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार आल्यापासून ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर २०१९ पासून १८ अंकी यूडीआयएन क्रमांक अनिवार्य झाला. तो कोणालाही तपासता येतो, हेही ग्राहकास शिकवावे.

हिशेबाची बाजूही पाहिली पाहिजे. समजा, पहिल्या वर्षी ६०० विवरणपत्रे मिळाली आणि सरासरी फी १,००० रुपये ठेवली, तर उत्पन्न ६ लाख होईल. एका विवरणपत्राच्या प्रामाणिक तपासणीस एक तास धरल्यास ६०० तास लागतील. नोकरदारांची कामे जून-जुलैतच गर्दी करतात. त्या दोन महिन्यांत ५० कामाचे दिवस आणि रोजचे आठ तास धरले तरी एका माणसाच्या वाट्यास ४०० तासच येतात. म्हणजे दोन जाणकार हवेत आणि उरलेल्या दहा महिन्यांसाठी दुसरे काम हवे. जमाखर्च लेखन, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, नोटिशींची उत्तरे ही ती बारमाही कामे होत. हा हिशेब न मांडता भाड्याने कार्यालय घेणे म्हणजे विहीर खणण्यापूर्वी मोट विकत घेणे होय.

धर्मादाय संस्थांनाही अशा सेवेची आवश्यकता आहे. २०१७ च्या वित्त कायद्याने ८०जी कलमाखालील सवलतीसाठी रोख देणगीची मर्यादा २,००० रुपयांवर आणली. २०२१-२२ पासून देणगीदारांचा तपशील फॉर्म १०बीडी द्वारे विभागास कळविणे संस्थांना बंधनकारक झाले. विवरण उशिरा दिल्यास प्रतिदिन २०० रुपये शुल्काची तरतूद करण्यात आली. संस्थेच्या कार्यालयात झालेल्या एका नोंदीच्या चुकीमुळे श्रद्धेने दान देणाऱ्याचा दावा अडू शकतो. लहान संस्थांच्या विश्वस्तांना वेळीच सावध करणारा सल्लागार हीदेखील समाजसेवाच आहे.

काळही अनुकूल आहे. संसदेने प्राप्तिकर कायदा २०२५ संमत केला असून त्याच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. ५३६ कलमांच्या या कायद्यात ‘निर्धारण वर्ष’ ही जुनी संज्ञा जाऊन ‘करवर्ष’ आले. कलमांचे क्रमांक बदलले की ज्येष्ठांची पाठांतरे निरुपयोगी होतात आणि तरुण व ज्येष्ठ एकाच पायरीवर उभे राहतात. संगणक जाणणारा तरुण आणि कायदा जाणणारा अनुभवी सल्लागार यांनी एकत्र बसून आरंभ करण्यास याहून योग्य वेळ क्वचितच येते.

समाजातील पदवीधर मुलामुलींनी मुंबईच्या नोकरीसाठी रोजचे चार तास गाडीत घालविण्यापूर्वी या क्षेत्राकडे एकदा डोळसपणे पाहावे. ज्येष्ठ लेखापालांनी वर्षातून दहा दिवस त्यांना शिकवावे. विश्वस्त मंडळांनी जून महिन्यात सभागृहाची एक खोली विवरणपत्र-मार्गदर्शनासाठी खुली करून द्यावी. उद्योजकास करदात्यांच्या खऱ्या अडचणी तेथेच कळतील. ग्राहकाला कमी फायद्याचा पण खरा सल्ला देण्याचे धैर्य हेच या व्यवसायाचे खरे भांडवल आहे. ज्यांच्या पूर्वजांनी वहीतील अक्षराला सहीइतकेच मोल दिले, त्यांच्या मुलांना हे भांडवल उसने आणावे लागणार नाही.