बाजारहाट : येथला आणि परदेशचा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सिद्धगडाच्या छायेत उभे राहून वाणसामानाविषयी बोलावे, हे काहींस विजोड वाटेल. परंतु आपल्यातील काही मुलेमुली युरोप-अमेरिकेत संसार थाटू लागली आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांस पहिला परकेपणा जाणवतो तो दुकानातच. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

गिऱ्हाइकाने फळीवरचा माल स्वतः उचलावा, ही रीत अमेरिकेत १९१६ साली मेम्फिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स यांच्या दुकानाने रूढ केली. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत चाकांची ढकलगाडी आली. मोटारीतून जावे व आठवड्याचा शिधा एकदम भरावा, असा तेथे परिपाठ पडला. पुष्कळ दुकानांत पिशव्या भरून देण्यास माणूस असतो. मात्र जेथे विक्रीकर लागतो तेथे तो चिठ्ठीवरील किमतीत धरलेला नसतो, गल्ल्यावर वाढतो. युरोपात कर किमतीतच असतो. पिशवी मात्र आपली आपण न्यावी व आपणच भरावी. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी विसरलेल्या मिठासाठी सोमवारची वाट पाहावी लागते!

या दोन्हीकडे एक गोष्ट समान. किंमत लिहिलेली असते, आणि ती गिऱ्हाइकाचे तोंड पाहून बदलत नाही.

आमच्या लहानपणी आमच्या मातोश्री बाजारात पावशेर गोडेतेल मागत. दुकानदार घरची विचारपूस करी आणि वहीत आकडा मांडी. त्या उधारीवर पावसाळा निभे, हे आम्ही विसरलो नाही. परंतु भात झोडले की तीच वही खळ्यावर येई. मातोश्रींस अक्षरओळख नव्हती. वहीत काय लिहिले आहे, हे त्यांस अखेरपर्यंत कळले नाही.

गरीब शेतकऱ्याचे हेच दुःख ओळखून भाई कोतवालांनी धान्यकोठ्या उघडल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी ते आणि हिराजी पाटील याच सिद्धगडावर हुतात्मे झाले. त्यांच्या लढ्याचे आपण स्मरण करतो. त्या कोठ्यांचे करीत नाही. इंग्लंडातील रॉचडेल गावीही १८४४ साली विणकर आदी २८ कष्टकऱ्यांनी पीठ, साखर, लोणी विकणारे आपले दुकान काढले. रोखीचा व्यवहार, निर्भेळ माल, पुरते माप, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात, हे त्यांचे नियम.

तेव्हा परदेशच्या दुकानात माणुसकी नाही म्हणून नाक मुरडू नये. लिहिलेली किंमत गरिबाची मान राखते. आणि आपला बाजार मागासलेला म्हणून हिणवूही नये. तेथे माणूस माणसास ओळखतो. आमची एवढीच विनंती आहे की, येत्या हंगामात सभासद कुटुंबांनी मिळून मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांकडून रोखीने तांदूळ घ्यावा, भावाची पाटी उघड्यावर लावावी, आणि माप घेताना 'घरी सारे बरे ना?' असे विचारण्यास विसरू नये.