पोटावर हात ठेवण्याआधी



नांदेड-लातूरच्या नर्सिंग महाविद्यालयांतले शिक्षक, परिचारक आणि विद्यार्थी यांच्या या परिषदेचा विषय वरवर साधा: रुग्ण तपासायला कसे शिकवावे? किनवटच्या डोंगराळ भागातल्या उपकेंद्रात मात्र तो साधा राहत नाही. २०१८पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्राची सूत्रे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे आली आणि त्या पदावर नर्सिंगचे पदवीधरही बसू लागले. तिथे शेजारच्या खोलीत डॉक्टर नसतो. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात आरोग्य मूल्यांकनाला वेगळी जागा दिली, ती उगाच नव्हे.

शिकवण्याची पहिली पद्धत प्रात्यक्षिकाची. ते पाहिले की आपल्याला आले असे वाटते, आणि गफलत तिथेच होते. छाती तपासताना पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे असा क्रम. पोटाला मात्र स्टेथोस्कोप आधी, हात नंतर, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. हे पाठ व्हायला मिनिट पुरते, हातात बसायला सराव लागतो. मॅनेकिन, म्हणजे सरावासाठीचा मानवाकृती पुतळा, कामी येते ते इथे. ते कंटाळत नाही, लाजत नाही. पण दुखले म्हणून कण्हतही नाही.

विद्यार्थ्यांनी एकमेकांना तपासले की निरोगी शरीर हाताला कसे लागते ते कळते. न विचारता कपडा सरकवला तर कसे वाटते, तेही.

अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३मध्ये रुग्णाची भूमिका करणारी माणसे शिकवण्यात आणली. आपल्याकडे त्यासाठी महागडी लॅब कशाला? देगलूरची तेलुगू मिसळून बोलणारी किंवा उदगीरची कानडी मिसळून बोलणारी आजी हुबेहूब उभी करणारा नाट्यवेडा विद्यार्थी प्रत्येक गॅदरिंगला सापडतो.

खाटेजवळची शिकवणी सर्वांत श्रीमंत, आणि तितकीच बेभरवशाची. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात तेलंगणातूनही रुग्ण येतात. तरी एका बॅचला पाणी भरलेले पोट तपासायला मिळते, दुसरीला नाही. शिवाय एकाच रुग्णाला दहा जणांनी चाचपणे हा त्याच्यावर अन्याय आहे, हेही परिषदेत बोलले जावे.

या सगळ्या पद्धतींची तुलना करायची तर परीक्षा सर्वांना सारखी हवी. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५मध्ये मांडलेली ऑस्की त्यासाठी हाताशी आहे: ठरावीक वेळेची स्थानके आणि परीक्षकाच्या हाती तपासयादी. मात्र शिकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी घेतली तर कुठलीही पद्धत उत्तम ठरेल. ती काही महिन्यांनी, वॉर्ड पोस्टिंग चालू असताना घ्यावी. यादीत एक ओळ अशी असावी: बाळ शांत होईपर्यंत थांबून श्वास पूर्ण मिनिटभर मोजला का? खोकणाऱ्या, दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळात ५० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका, आणि साध्या मॅनेकिनवर ही थांबण्याची सवय लागत नाही.