पुरून ठेवलेली थैली
(प्रभागसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला समानतेवर बोलायला सांगितलंय. मी ख्रिस्ती आहे. तुमच्यात बहुतेक जणी हिंदू, काही मुसलमान. म्हणून मी धर्म सांगायला उभी नाही, एक चूक सांगायला उभी आहे. आणि ती माझीच आहे.

लहानपणी आम्हाला चर्चमध्ये येशूची एक गोष्ट सांगायचे. मालक परदेशी निघाला. जाताना त्याने तीन चाकरांना पैसे सांभाळायला दिले. एकाला पाच थैल्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. दोघांनी पैसे फिरवून दुप्पट केले. तिसऱ्याने खड्डा खणून आपली थैली पुरून ठेवली. मालक परत आला तो त्याच्यावरच रागावला. मला वाटायचं, बिचाऱ्याला मिळालं होतंच किती! पुढे कळलं, त्या काळची एक थैली म्हणजे मजुराची पंधरा-वीस वर्षांची मजुरी. कमीत कमी वाटासुद्धा लहान नव्हता.

आपल्या गटात ‘माका काय येना नाय’ म्हणणाऱ्या बायका पुष्कळ. मी तशी नव्हते. मला लिहिता येत होतं. नऊ वर्षं इतिवृत्त, बचतीची वही, कर्जाची वही, सगळं माझ्याच हातात. आमच्या गटात मासे विकणारी एक काकी आहे. सही येत नव्हती, पण पाटीतले बांगडे बघून लिलावाचा आकडा तोंडी सांगायची. ती एकदा म्हणाली, ‘‘बाय, माका लिवूक शिकव गो.’’ मी हसून म्हटलं, ‘‘काकी, तुमका ह्या वयात खयचा जमतला?’’

खरं सांगू? जमणार नाही असं मला वाटत नव्हतं. तिला जमलं तर मला कोण विचारणार, ही भीती होती.

मग मी आजारी पडले. दोन महिने वहीत अक्षर नाही. हप्ते भरले होते, पण नोंद नव्हती, म्हणून कर्जाची फाईल परत आली. ऑगस्टमध्ये मासेमारीचा मोसम सुरू झाला आणि काकीला बर्फाच्या पेटीसाठी पैसे हवे होते. तिने ते सावकाराकडून घेतले. व्याज तिने भरलं, माझ्यामुळे.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचलं. रमाबाईंचा जन्म 1858 चा. बायकांना अक्षर शिकवणं पाप समजायचे तेव्हा वडिलांनी त्यांच्या आईला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आईवडील गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, पदरात लहान मुलगी. इंग्लंडमध्ये त्यांनी बघितलं की समाजाने टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी जवळ घेतात, शिकवतात. त्याचा त्यांच्यावर फार परिणाम झाला. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून आपल्याकडे केवढं वादळ उठलं!

11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी आपल्या कोकणातल्याच, देवरुखच्या गोदूबाई. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पण एक गोष्ट लपवू नये. शारदा सदन सुरुवातीला वरच्या जातीच्या विधवांसाठीच होतं, सोवळंओवळं पाळायची मुभाही होती. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या, सगळ्या जातींच्या. ज्या दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले तसलाच तो होता, त्यांना मागे वळून जाता आलं नसेल असं मला वाटतं. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन वाढलं. तिथे मुली विणकाम, शेती, गुरांची देखभाल शिकल्या. आंधळ्या मुली ब्रेलमध्ये वाचायला शिकल्या.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते छापखान्याचं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना वाचता यावं अशा सोप्या मराठीत सगळं बायबल त्यांनी उतरवलं. जवळजवळ अठरा वर्षं लागली. 1922 मध्ये त्या गेल्या तोवर काम पुरं होत आलं होतं. आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या कोण? आश्रमातल्याच मुली. एवढी मोठी विदुषी, पण विद्या आपल्यापाशी दाबून ठेवली नाही. आणि मी एक इतिवृत्ताची वही दाबून बसले होते!

आपल्याकडे रापण ओढताना बघितलीत ना? दोन्ही दोरांना माणसं लागतात. एकटा कितीही ताकदीचा असला तरी जाळं किनाऱ्याला येत नाही, आणि पुढे उभा राहिलेला मागच्याला ‘तुझा हात नको’ म्हणत नाही.

बरी झाल्यावर मी काकीकडे गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘माफी ऱ्हवांदे, पाटी-पेन्सिल हाडलंस काय?’’ तिच्या नातवाची पाटी घेऊनच बसलो. आता तिच्याकडून मी लिलावाचा हिशोब शिकते. अजून चुकते, आणि ती मला सगळ्यांसमोर हसते. मागच्या सभेचं इतिवृत्त तिने लिहिलं. अडीच ओळी आहेत, ‘ठराव’चा ‘ठ’ उलटा पडलाय, तरी अध्यक्षताईंनी सही केली.

ती वही मी आज इथे आणली आहे. जेवणानंतर टेबलावर ठेवते, या बघायला. आणि ज्या गटांत एकच बाई सगळं लिहिते, त्या गटांच्या लेखनिकांनी थोडा वेळ मागे थांबा. पुढच्या महिन्यापासून पाळीपाळीने कोणाला शिकवायचं, ती नावं आजच काढूया.