शाळा घरी आली, पण शिकवणार कोण?

(नागपूर येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी मागून घेतला. मुलांना शाळेतून काढायचं आणि घरीच शिकवायचं, हे बोलणं अलीकडे आपल्या ख्रिस्ती घरांतूनही कानावर येतं. कुणी फीला कंटाळलंय, कुणाला वाटतं शाळेत मुलं बिघडतात, कुणाला पवित्र शास्त्र आपल्या पद्धतीनं शिकवायचंय. अमेरिकेत हे फार चालतं. तिथं १९९३ पर्यंत सगळ्या राज्यांत घरच्या शिक्षणाला कायद्यानं मोकळीक मिळाली आणि तो आग्रह धरणाऱ्यांत धार्मिक ख्रिस्ती कुटुंबं पुढे होती. उलट जर्मनीत शाळेत पाठवणं सक्तीचं आहे. तिथल्या एका ख्रिस्ती दांपत्यानं धर्माचं कारण सांगून दाद मागितली, तर २००६ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही त्यांचा अर्ज दाखल करून घेतला नाही.

पण आपण अमेरिका-जर्मनी कशाला करायची? मराठी ख्रिस्ती घरांत घरची शाळा दीडशे वर्षांपूर्वीच भरत होती. तिथं काय झालं ते बघू.

अहमदनगरला हरिपंत आणि राधाबाई खिस्ती हे ब्राह्मण जोडपं ख्रिस्ती झालं. आधी नवऱ्यानं धर्म बदलला, बायको मागून आली. बायका मागूनच येतात, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. या घरात १८६२ साली कृपाबाईंचा जन्म झाला. चौदा भावंडांतलं तेरावं अपत्य. वडील लवकर गेले. थोरला भाऊ भास्कर हाच कृपाबाईंचा गुरुजी झाला. भाऊ अभ्यासाला बसले की ही पोर त्यांच्यात जाऊन बसायची. लक्षात घ्या, अहमदनगर हे काही मुलींच्या शाळा नसलेलं गाव नव्हतं. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा तिथंच होती. ती पाहूनच जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. तरीही कृपाबाईंचं मन फुललं ते घरात, भावाच्या पुस्तकांत.

मग भास्कर वारला आणि शाळा बंद पडली. घरच्या शाळेत मास्तर बदलून येत नाही. एका माणसाच्या जिवावर ती उभी असते. पुढे मुंबईत मिशनरी बायकांनी त्यांना आपल्याकडे घेतलं, मग त्या वसतिगृहाच्या शाळेत गेल्या आणि १८७८ साली मद्रास मेडिकल कॉलेजात. पहिल्या वर्षी परीक्षेत चमकल्या, पण प्रकृतीनं साथ दिली नाही आणि डॉक्टरकी राहून गेली. लग्नानंतर उटकमंडला त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा चालवली. ‘सगुणा’ ही कादंबरी त्यांनी इंग्रजीत लिहिली, बरीचशी स्वतःच्याच आयुष्यावर. १८९४ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या.

हे सांगताना लोक भास्करचं कौतुक करतात, आणि करावंच. बहिणीला पुस्तक देणारा भाऊ त्या काळात किती घरांत होता? पण मला राधाबाई दिसतात. चौदा मुलांचं घर, नवरा गेलेला, जातीनं टाकलेलं. भाकऱ्या कुणी थापल्या, आजारी पोरांजवळ रात्री कोण बसलं? ती बाई चुलीशी उभी होती म्हणून भास्करला शिकवायला फुरसत मिळाली, असं मी म्हणते. गुरुजी म्हणून तिचं नाव कुठंच येत नाही.

दुसरं घर तर आपल्या नागपूरच्या ओळखीचं. नारायण वामन टिळक इथं आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक मिशनरी भेटला, त्यानं नवा करार हातात दिला, आणि १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लिहायला-वाचायला शिकवलं नवऱ्यानं, घरात.

‘स्मृतिचित्रे’ तुमच्यातल्या पुष्कळजणींनी वाचलंय. त्यातले टिळक किती प्रेमळ आणि किती तापट, ते मी सांगायला नको. आता विचार करा, मास्तरच नवरा असेल आणि तो चिडला, तर विद्यार्थिनीनं जायचं कुठं? शाळेतल्या पोरीला निदान संध्याकाळी घंटा झाली की सुटका असते. लक्ष्मीबाई या सगळ्यातून हसत बाहेर आल्या, हा त्यांचा मोठेपणा. तो त्या पद्धतीचा मोठेपणा नव्हे. टिळकांच्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले आणि १९१९ साली ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३३ साली इथं नागपूरला ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षा त्याच होत्या. म्हणून घरी शिकलेली बाई कमी पडते असं कुणी मला सांगू नये. माझी शंका वेगळीच आहे. अशी एक लक्ष्मीबाई झाली, तेव्हा किती घरांत बाराखडीच्या अलीकडेच सगळं थांबलं असेल?

धर्म शिकवण्याबद्दलही एक सांगते. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईनं. म्हणजे आईची शाळा त्यांनी अनुभवली होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्या आणि छोटी मनोरमा ख्रिस्ती झाल्या. तिथल्या सिस्टर लोकांशी पुढे त्यांचे खटके उडाले. त्यात एक मुद्दा असा होता की मनोरमेला काय शिकवायचं ते ठरवणार कोण? रमाबाईंचं म्हणणं, मी आई आहे, मी ठरवीन. ही पत्रं छापलेली आहेत, जरूर वाचा. तेव्हा आईचा हक्क ही काही मागासलेली मागणी नाही. फक्त प्रत्येकीनं स्वतःला विचारावं, हा हक्क मी वापरतेय, की घरातल्या पुरुषानं किंवा पाळकसाहेबांनी ठरवलेलं मी राबवतेय?

आजच्या काळाचं उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचं. हे ख्रिस्ती घर नव्हे, पण उदाहरण लागू पडतं. सातवीत तिला शाळेतून काढलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आय.आय.टी.चं दार बंद राहिलं आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.नं तिला घेतलं. सगळ्या वर्तमानपत्रांत मुलीचा फोटो आला. आईनं तिला शिकवण्यासाठी नोकरी सोडली, हे त्याच बातमीत एका ओळीत होतं. ती ओळ मला आपल्या बैठकीत मोठ्यानं वाचावीशी वाटते. नोकरी सोडणारी बाईच का, हे त्या बातमीनं विचारलं नाही.

आणि ज्या घरात आईला नोकरी सोडणं परवडतच नाही, तिथं? धुणीभांडी करणाऱ्या आईची पोर ‘घरी शिकते’ म्हणजे लहान भावंडं सांभाळते, पाणी भरते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपण ते पाहिलंय. मोबाइल एकच, आणि तो भावाच्या हातात.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळी जागा नाही. मात्र बाहेरून परीक्षा देता येते. आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे.

म्हणून ज्या मैत्रिणी हा निर्णय घ्यायच्या बेतात आहेत, त्यांच्याशी मला चार गोष्टी बोलायच्या आहेत. शाळा सोडल्याचा दाखला काढलात तर तो तुमच्या ट्रंकेत ठेवा, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असते. दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची, कोणत्या वर्षी, हे आधी लिहून काढा. मुलगा शाळेत आणि मुलगीच तेवढी घरी, असा बेत असेल तर तिथंच अडून बसा. नवऱ्यानं रोज कोणता विषय किती वाजता शिकवायचा, ते वेळापत्रकात लिहून घ्या. गणित बापाला येतं ना? मग रात्रीचं गणित त्याच्याकडे, आणि तेवढा वेळ तुम्ही चर्चच्या पायरीवर गप्पा मारत बसलात तरी चालेल. आणि मुलीला विचारा. तिला मैत्रिणी हव्या असतात, डबा वाटून खायचा असतो, तुमच्या नजरेआड चार तास हवे असतात. ती नाही म्हणाली, तर पुढच्या महिन्यात तिला घेऊनच या. आपण तिचं ऐकू.