पाण्यातून आला तरी धूरच



हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो, म्हणून तो सिगारेटपेक्षा निर्धोक, अशी पुष्कळांची समजूत आहे. पाण्याने धूर थंड होतो. त्यातले विष जात नाही. उलट, घशाला बोचत नाही म्हणून माणूस तो अधिक खोल ओढतो. सिगारेट काही मिनिटांत संपते. हुक्क्याची बैठक तासभर चालते. तेवढ्यात एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आत जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितले. शिवाय निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड वायू आहेच. महाराष्ट्राने २०१८ साली हुक्का पार्लरांवर बंदी घातली. समजूत मात्र कायद्याने बदलत नाही. कारखान्यातल्या धुराचा जाब आम्ही मालकाला विचारतो. पदरचे पैसे मोडून घेतलेल्या धुराचा जाब कोणाला विचारावा? म्हणून सिगारेट बरी, असे नव्हे. दोन्ही सोडा, एवढीच विनंती.