कोपऱ्यावरचा वासा

(नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेत गोदाघाटावर दिलेले व्याख्यान)

सराफ बाजारातला सरकारवाडा पाहायला येणारा माणूस खांबांवरचं कोरीवकाम पाहतो, फोटो काढतो आणि निघतो. मान वर करून छपराचा सांगाडा पाहणारा क्वचितच. आज मला त्या वरच्या लाकडांबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही एकाच लाकडाबद्दल. छपराची दोन पाखी जिथे एकमेकांना मिळतात, तिथे कोपऱ्यातून तिरपा चढणारा वासा. सुताराची परीक्षा महिरपीत कमी आणि या वाशात जास्त होते, असं माझं मत आहे.

दुपाखी घर सोपं. मध्ये आढं, दोन्हीकडे सारखे वासे. एक वासा नीट कापला की तोच फर्मा ठेवून बाकीचे कापायचे. पण दुपाखी घराच्या दोन बाजूंना भिंत त्रिकोणी होऊन आढ्यापर्यंत जाते आणि पावसाचा मारा खाते. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तिथे हे चालून जातं. इगतपुरीला तो तीन हजारांच्या वर जातो. घाट उतरून कोकणात गेलात की मातीच्या, जांभ्याच्या भिंती जपण्यासाठी चारही बाजूंनी वळचण हवी, म्हणून चौपाखी घर. आणि चौपाखी म्हटलं की चार कोपरे आले.

आमच्या वाड्यांत हाच प्रश्न उलटा येतो. शेजारच्या वाड्याला भिंत लागलेली, त्यामुळे पाणी आत, चौकात घ्यायचं. चारी सोप्यांची पाखी चौकाकडे उतरतात आणि कोपऱ्यात फुगवट्याऐवजी घळ तयार होते. गणित तेच, फक्त पाणी बाहेर फेकण्याऐवजी त्याच वाशावर गोळा होतं. वाड्याचं लाकूड आधी कुठे कुजतं ते इथेच बघावं.

आता चौपाखीचं माप घेऊ. खोली २४ फूट लांब, १६ फूट रुंद. मध्यापासून भिंतीपर्यंत आडवं अंतर ८ फूट. आढं भिंतीवरच्या तुळईपासून ६ फूट उंच. साधा वासा १० फुटांचा झाला; सहा, आठ, दहा हे त्रिकूट इथे बसलेल्या कुठल्याही गवंड्याला पाठ असतं. आढं ८ फूट लांब, कारण दोन्ही टोकांकडून आठ-आठ फूट कमी झाले. कोपऱ्याचा वासा मात्र ८ फूट चालत नाही. तो आठ बाय आठच्या चौरसाच्या कर्णावरून चालतो, म्हणजे ११ फूट पावणेचार इंच. एवढं अंतर चालून उंची मात्र तीच ६ फूट गाठायची, म्हणून त्याचा चढ मंद आणि लांबी १२ फूट साडेनऊ इंच, वर दीडेक सूत.

चौरसाचा कर्ण किती, याचं उत्तर या देशात फार जुनं आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी दोरीने आखण्यासाठी ते दिलं आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्यातून या चौथ्या भागाचाच चौतिसावा हिस्सा वजा करा. शेवटची वजाबाकी सोडून द्या. बाजू बारा असेल तर बारा, चार आणि एक, सतरा. अमेरिकेतला सुतार आजही लोखंडी गुण्यावर साध्या वाशासाठी १२ धरतो आणि कोपऱ्याच्या वाशासाठी १७. आपल्या उदाहरणात साधा वासा बाराला नऊ चढतो, कोपऱ्याचा सतराला नऊ. गुण्या लाकडाच्या कडेवर तसा धरून रेघ मारली की उभा काप मिळाला. वेदी आखणारा आणि छप्पर आखणारा एकाच आकड्यावर यावेत यात मला चमत्कार दिसत नाही. दोघांच्या हातात दोरी होती आणि दोघांनाही कोपरा काटकोनात हवा होता.

कोपऱ्याच्या वाशाला टेकणारे आखूड वासे ऐकायला किचकट, करायला सोपे. दर दोन फुटांवर एक लावला तर प्रत्येक आधीच्यापेक्षा बरोबर अडीच फुटांनी आखूड: दहा, साडेसात, पाच, अडीच. चूक होते ती वरच्या कापात. वरून पाहिलं की तो काप ४५ अंशांचा वाटतो. पण वासा चढावर आहे. त्याच्या पाठीवर तो काप सुमारे ३९ अंशांचा पडतो. पाठीवर लांबीत १५ आणि आडवे १२ धरून रेघ मारायची. ४५ने कापणाऱ्याला फट बुजवायला पाचर शोधावी लागते. आणखी एक वजाबाकी नवखा विसरतो. आढं २ इंच जाडीचं असेल तर साध्या वाशातून आडव्या मापाने १ इंच कमी करायचा, कोपऱ्याच्या वाशातून मात्र जवळजवळ दीड इंच, कारण तो आढ्याला तिरपा भिडतो. शिवाय त्याची पाठ दोन्ही बाजूंनी तासावी लागते, नाहीतर रिपा त्याच्या कडांवर अडतात आणि कौलं डुगडुगतात.

हे सगळं चौकोनी खोलीचं झालं. आमच्या जुन्या गावठाणात काटकोनी खोली शोधून दाखवा! वाडा गल्लीच्या वळणावर बेतलेला, एक भिंत दुसरीपेक्षा हातभर लांब. तिथे सतराचा आकडा फसवतो. अशा वेळी जमिनीवरची आखणीच खरी. ओट्यावर किंवा सारवलेल्या अंगणात तो कोपरा पूर्ण मापाने काढायचा, आढ्याच्या टोकापर्यंत रंगाच्या दोरीने कर्ण मारायचा, त्याच्या टोकाशी काटकोनात छपराची उंची उभी करायची आणि दोन टोकं जोडायची. ती रेघ म्हणजे वाशाची लांबी, आणि तिचे दोन कोन म्हणजे दोन काप. एकही गुणाकार नाही. लाकूड थेट त्या रेघेवर ठेवून खूण करता येते. वाडा दुरुस्तीला घेताना आजचे अभियंते संगणकावर आकृती काढतात, त्याला माझी हरकत नाही. पण एकच कोपरा मोजून बाकीचे तीन तसेच धरतात, त्याला आहे. चारही कोपरे वेगळे मोजावेत, प्रत्येक वाशावर त्याचा नंबर टाकावा.

उभारताना क्रम पाळायचा. आधी साधे वासे आणि आढं, मग कोपऱ्याचे वासे, त्यानंतर आखूड वासे, तेही समोरासमोरच्या जोडीने. एका बाजूचे सगळे आधी ठोकले तर कोपऱ्याचा वासा दुसरीकडे बाक धरतो, आणि मग समोरच्या बाजूचा मोजून कापलेला एकही वासा जागेवर बसत नाही.