एका दिवसाचे आणि ३८१ दिवसांचे शौर्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सामान्य माणूस वीर कशाने होतो, असे विचारले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा क्षण उभा राहतो. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला गिरणी कामगार बाबू गेनू आठवतो. त्या हौतात्म्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु वीरत्व म्हणजे असा क्षणच, ही समजूत चळवळीला महाग पडते. अमेरिकेतील माँटगोमेरी शहराच्या लढ्यावरून हे मांडण्याचा प्रयत्न करतो.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्याचे नाकारले व त्यांना अटक झाली. ही हकीकत सांगण्याची एक रीतच पडून गेली आहे : दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक साधी बाई, पाय दुखत होते म्हणून उठली नाही. कथा गोड आहे, पण रोझाबाईंनी स्वतःच आत्मचरित्रात ती खोडून काढली. १९४३ पासून त्या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. अत्याचाराच्या तक्रारी नोंदवून घेण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत आल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात टेनेसीतील हायलँडर या लोकशाळेत त्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. शिबिरांना कंटाळणाऱ्या तरुण मित्रांनी एवढे ध्यानात ठेवावे!

त्या वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीनेही उठण्यास नकार दिला होता. तिलाही अटक झाली. धैर्य तसूभरही कमी नव्हते, तथापि पुढाऱ्यांनी तिला पुढे करावयाचे टाळले आणि शहर तिच्यामागे उभे राहिले नाही. रोझाबाईंच्या अटकेच्या रात्री मात्र जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने सायक्लोस्टाइल यंत्रावर रात्रभर जागून हजारो पत्रके काढली. आवाहन सोमवारी एक दिवस बसवर बहिष्कार घालण्याचे होते. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला.

मला आकर्षण वाटते ते या ३८१ दिवसांचे. बसप्रवाशांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांत गोऱ्यांच्या घरी धुणे, स्वयंपाक, मुले सांभाळणे अशी कामे करणाऱ्या बाया पुष्कळ. पहिल्या दिवशी चालत जाण्यात उत्साह असतो. दोनशेव्या दिवशी, काम आटोपून, अंधारात घरची वाट धरायची तेव्हा छायाचित्रकार नसतो आणि विजयही दृष्टिपथात नसतो. बरे, मागण्या तरी कोणत्या? सौजन्याची वागणूक, आधी येईल त्याला आधी जागा, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक. वेगळी आसने सर्वस्वी रद्द करा, असेही प्रारंभी कोणी म्हटले नव्हते.

एवढे दिवस माणसे टिकली, कारण त्यामागे व्यवस्था होती. सुमारे तीनशे मोटारी लोकांची ने-आण करीत. पेट्रोलला पैसा लागे. स्वयंपाकाचे काम करणाऱ्या जॉर्जिया गिल्मोर यांनी मैत्रिणी जमविल्या. त्या पदार्थ करून विकत आणि रक्कम सभेत आणून देत. मंडळाचे नाव काय, तर 'कुठलेच नसलेले मंडळ'! पैसे कुठून आले, या प्रश्नाला 'कुठूनच नाही' असे बिनधोक सांगता यावे, मालकिणींना नावे कळून कामे जाऊ नयेत, यासाठी ही युक्ती. पुढे १९५६ मध्ये न्यायालयात साक्ष दिल्यावर गिल्मोरबाईंची नोकरी गेलीच. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या साहाय्याने त्यांनी घरीच खानावळ उघडली.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या खटल्यातील चार फिर्यादी स्त्रियांत क्लॉडेट होती, रोझाबाई नव्हत्या.

रोझाबाईंची नोकरी जानेवारी १९५६ मध्येच गेली होती. धमक्या चालू होत्या, काम मिळत नव्हते; १९५७ मध्ये हे कुटुंब शहर सोडून डेट्रॉइटला गेले. जिचे नाव जगभर झाले तिच्या घरच्या चुलीकडे चळवळीचे पुरेसे लक्ष राहिले नाही, हे मला फार लागते. आपण काय निराळे करतो? संपात कामावरून काढलेल्या साथीला हार घालतो, घोषणा देतो. सहा महिन्यांनी त्याच्या घरचे भाडे कोण भरते, याची नोंद आपल्या शाखेच्या दप्तरात असते काय? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या भागातील अशा कुटुंबांची यादी आणावी, एवढी माझी विनंती आहे.